आठ तासांचं बंदर

मुरगावच्या धक्क्याला ती लागते
त्या दिवशी खारेवाड्यात सूर्य लवकर बुडतो.
पाण्यापर्यंत पोचतच नाही बिचारा,
चौदा मजल्यांच्या मागे जाऊन बसतो,
आणि आमच्या वाळत घातलेल्या जाळ्यांवर
एक सावली पडते
जिला बाल्कन्या आहेत.

बोटीवर वाटतात त्या कागदात गोवा म्हणजे दीड ओळ:
आगमन अकरा, प्रस्थान सात,
टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असावी.

आजोबा मुंबईहून आगबोटीने यायचे, पणजीच्या धक्क्यावर.
डेकचं तिकीट, वळकटी, कुलूप नसलेली ट्रंक.
रत्नागिरी गेली की अर्धा डेक ओकायचा
आणि उरलेला अर्धा पत्ते पिसायचा.
तेव्हा दर्यावरून जायला कारण लागायचं,
नोकरी, लग्न, मयत, नाहीतर कोर्टाची तारीख.
आता माणसं बोटीत बसतात
बोटीत बसण्यासाठी.
आजोबांना हे सांगितलं असतं
तर त्यांनी विचारलं असतं, मग उतरतात कशाला?

उतरतात, कारण मी खाली उभी असते
बारा नंबरची पाटी धरून.
ज्यांच्या छातीवर बारा, ते माझे.
जुनं गोवं, मसाल्याची बाग, केळीच्या पानावर जेवण,
काजूच्या बोंडाचा फोटो, परत.
मिरीची वेल दाखवताना माझं लक्ष घड्याळात असतं;
एक माणूस चुकला तर पगार कापतात.

त्याच बोटीवर रोहिदास आहे, माझा धाकटा.
पाचव्या मजल्यावरच्या अठरा खोल्यांचा धनी:
चादरी त्याच्या, मोरीत अडकलेले केस त्याचे,
आणि टॉवेलांचे हत्ती.
रोज रात्री अठरा हत्ती बांधायचे,
सकाळी अठराही उकलून धुवायला टाकायचे.
आईला फोनवर म्हणतो, जनावरांतच दिवस जातो गे.
त्याची स्वतःची खोली पाण्याखाली. खिडकी नाही.
सात महिने झाले, तो समुद्रावर आहे,
समुद्र कसा आहे विचारलं तर म्हणतो,
आवाज येतो.

आज त्याला दोन तास उतरायला मिळणार होते.
मग म्हणे कसलीशी कवायत निघाली, जीवरक्षक जाकिटांची.
आई बारापासून बंदराच्या दाराशी,
डब्यात सुक्या सुंगटांची किसमूर.
जवानाने डबा उघडायला लावला, हुंगला,
त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं तिला दिसलं,
तरी म्हणाला, आत नाही जाणार.
ती म्हणाली, बाबा, मीही नाही जात, डबा तेवढा जाऊ दे.

परतीच्या बसमध्ये एका म्हातारीने मला विचारलं,
तू कधी केलास का गं समुद्रप्रवास?
म्हटलं, आम्ही खारवी.
तिला ते गावाचं नाव वाटलं.
मग तिने फोनवर फोटो दाखवला:
पलंगावर पांढरा हत्ती, नाकावर तिचाच चष्मा.
किती गुणी पोरगा आहे आमच्या खोलीचा, म्हणाली.
हत्तीच्या शेपटीला गाठ होती.
फाटलं जाळं सांधताना बाबा मारायचे ती,
ओढाल तितकी घट्ट.
मी म्हटलं, छान आहे.
आणि मोजायला लागले: एकतीस, बत्तीस,
सगळे आले.

सात वाजता तिने भोंगा दिला
आणि खारेवाड्यातली कुत्री उत्तर देऊ लागली.
आई होड्यांच्या रांगेत उभी राहून
मोबाइलची बॅटरी हलवत होती,
खिडकी नसलेल्या माणसाला.
आधी सहाव्या मजल्यावरून एक हात हलला,
मग सातव्यावरून, मग कठड्याकठड्यावरून,
शंभर, दोनशे अनोळखी हात,
हातांत पेले, कडेवर मुलं,
सगळ्यांना वाटलं बॅटरी आपल्यासाठीच.
आईने कुणाला नाही म्हटलं नाही.

बोट सरकली तसा तिच्यामागे राहिलेला
पसाभर उजेड आमच्याकडे परत आला.
बाबा खाली बसले, जाळं मांडीवर ओढलं.
डबा आम्ही तिथेच उघडला.